जुनी उघडी मोटार : तिची दुखणी आणि दुरुस्तीचा खर्च

पावसाळा ओसरला आणि आभाळ निवळले, की पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर उघड्या टपाच्या गाड्या दिसू लागतात. हरमल, मांद्रे, मोरजी या गावांतून नाताळापर्यंत त्यांची वर्दळ वाढतच जाते. डोक्यावर छप्पर नाही, समोर समुद्र आहे आणि अंगावर वारा येतो आहे, हे दृश्य तरुण मनाला भुरळ घालणारे आहे यात संशय नाही. आपणही अशी एखादी गाडी घ्यावी, नवी परवडत नसेल तर जुनी घ्यावी, असे पुष्कळांना वाटते. जुन्या उघड्या मोटारीची किंमत कधी कधी इतकी उतरलेली असते, की एखाद्या मध्यम स्थितीतील कुटुंबालाही ती आवाक्यातील वाटावी. परंतु गाडी विकत घेण्याचा खर्च आणि गाडी बाळगण्याचा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिला एकदाच करावयाचा असतो. दुसरा संपतच नाही. ह्या दुसऱ्या खर्चाची उगमस्थाने कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम उघडी मोटार म्हणजे काय ते पाहू. वस्तुतः मोटार जन्मली तीच उघडी. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये ज्या तीनचाकी वाहनाचे पेटंट घेतले, त्याला छप्पर नव्हते. घोड्याच्या बग्गीतून घोडा काढून इंजिन बसवावे, तसे ते वाहन होते. अमेरिकेत पहिले महायुद्ध संपले तेव्हाही बहुसंख्य मोटारी उघड्याच होत्या. पुढील दहा वर्षांत पत्र्याचे बंद छप्पर स्वस्त झाले आणि चित्र उलटले. त्यानंतर उघडी मोटार ही गरज न राहता हौस झाली. दोन आसनांची, सखल बांध्याची, कापडी टप मागे दुमडता येणारी जी मोटार, तिला रोडस्टर म्हणतात. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणलेली एमएक्स-५ ही अशा मोटारींत सर्वाधिक खपलेली होय. २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. भारतातही गेल्या शतकाच्या अखेरीस सान मोटर्स ह्या कंपनीने स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी मोटार काढली होती. तिचे अंग काचतंतूंचे, म्हणजे फायबरचे होते आणि इंजिन फ्रान्समधील रेनॉल्ट कंपनीचे. ती थोड्याच लोकांनी घेतली.

आपल्याकडील खरी उघडी मोटार मात्र रोडस्टर नव्हे, तर जीप होय. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी बनविलेल्या ह्या गाडीची जुळणी महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. तिच्याच कुळात पुढे २०१० मध्ये थार आली आणि २०२० मध्ये तिचे नवे रूप निघाले. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली व सामान्य ग्राहकांसाठी २०१९ च्या सुमारास बंद झाली. गोव्यात वापरलेली उघडी गाडी शोधणाऱ्याच्या हाती बहुधा ह्यांपैकीच एखादी लागते. रोडस्टर असो वा जीप, दोघींची दुखणी पुष्कळ अंशी सारखीच आहेत, म्हणून त्यांचा एकत्र विचार करता येईल.

छप्पर नसण्याची किंमत

पुठ्ठ्याची एक पेटी घ्या. झाकण लावलेले असताना ती दोन्ही हातांनी पिळण्याचा प्रयत्न करा. ती सहजासहजी वाकत नाही. आता झाकण काढून तेच करा. पेटी लगेच मुरगळते. मोटारीचेही असेच आहे. बंद मोटारीचे छप्पर केवळ ऊन-पाऊस अडवीत नाही, तर ते सबंध सांगाड्याला ताठपणा देते. छप्पर काढले, की तो सर्व भार तळाच्या पत्र्यावर आणि दारांखालून जाणाऱ्या लांबट पोकळ पट्ट्यांवर पडतो. ह्या पट्ट्यांना कारागीर सिल म्हणतात. उघड्या मोटारीची सिल म्हणजे तिचा कणाच. ती गंजून पोकळ झाली, तर गाडी मधोमध किंचित खचते. मग दार ओढून घ्यावे लागते, नाही तर उचलून लावावे लागते.

जीप व जिप्सी ह्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या खाली शिडीच्या आकाराची स्वतंत्र चासी असते आणि वरचे अंग तिच्यावर बसविलेले असते. त्यामुळे वरचा पत्रा गंजला तरी गाडीचा कणा मोडत नाही. मात्र चासीच गंजली असेल, तर दुरुस्ती अवघड होते. स्टॉर्मसारख्या फायबरच्या गाडीचे अंग गंजत नाही हे खरे. पण फायबरला तडे जातात आणि त्याच्या आत दडलेल्या लोखंडी भागांचा गंज बाहेरून दिसत नाही.

एका माजी विद्यार्थ्याने जुनी जिप्सी पाहण्यासाठी मला सोबत नेले होते. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्राच्या पारखीत माझा उपयोग शून्य. म्हणून आम्ही एका वयस्क मेकॅनिकला बरोबर घेतले. इंजिन सुरू करून दाखविण्यासाठी विक्रेता पुढे सरसावला, तेव्हा त्या मेकॅनिकने त्यास थांबविले. तो जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला आणि लहान हातोडीने चासीवर ठिकठिकाणी टकटक करू लागला. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले भदभदते. पाच मिनिटांनी तो बाहेर आला आणि म्हणाला, "इंजिन बदलता येतं, मास्तर. चासी कोण बदलणार?" जुनी उघडी मोटार पाहताना कोणत्या क्रमाने पाहावे, हे त्याच्या एका वाक्याने मला कळले.

खारे वारे आणि तांबडी धूळ

लोखंड, पाणी आणि प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज तयार होतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल. ह्यात मिठाचे काम काय? गंजण्याच्या क्रियेत लोखंडाच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहत असतो. शुद्ध पाणी विजेचे दुर्बल वाहक आहे. खारे पाणी उत्तम वाहक आहे. म्हणून मीठ मिसळले, की तीच क्रिया कितीतरी वेगाने होते. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतात आणि ते पत्र्यावर, सांध्यांत, स्क्रूंच्या खाचांत बसतात. हरमल-केरीच्या किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी आणि आत घाटाच्या पायथ्याशी उभी राहणारी गाडी ह्यांचे वय कागदावर एकच असले, तरी पत्र्याचे वय एक नसते. काही हौशी लोक गाडी थेट वाळूत नेतात. गोव्यात त्यास कायद्याने मनाई आहेच. शिवाय गाडीच्या पोटाला खाऱ्या पाण्याचे स्नान घालण्याइतके तिच्यावर दुसरे शत्रुत्व नाही.

डिचोली भागात समुद्र दूर आहे, म्हणून तेथे गाडी सुरक्षित, असे कोणी समजू नये. तेथील रस्त्यांची तांबडी धूळ पावसाळ्यात चिखल होऊन चाकांवरील कमानींत आणि चासीच्या कोपऱ्यांत थापली जाते. ती वरून वाळली तरी आतून ओलसर राहते आणि पत्र्याला ओले पोटीस बांधल्यासारखी चिकटून बसते. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. शिवाय न चालणारी गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा कितीतरी ट्रक दारांपुढे नुसते उभे राहिले. उभ्या राहिलेल्या वाहनाचे रबर कडक होते, बॅटरी मरते, ब्रेक जागच्या जागी धरतात आणि टाकीत गंज चढतो. तेव्हा "फार थोडी चाललेली" हे विक्रेत्याचे शिफारसपत्र प्रत्येक वेळी शिफारस नसते.

गंज झाकण्याची कला मात्र फार प्रगत आहे. भोके पोटीनने भरून वर रंग मारला, की पत्रा आरशासारखा दिसतो. त्यावर सोपा उपाय आहे. एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. पत्रा असेल तेथे तो चिकटतो; पोटीनचा जाड थर असेल तेथे घसरून पडतो. प्रयोगशाळेतील चार आण्यांचे ज्ञान असे हजारोंचे नुकसान वाचवू शकते.

टप : छत्री आणि पागोळी

बंद मोटारीला नसलेला असा उघड्या मोटारीचा अवयव म्हणजे तिचा टप. तो मेणकापडाचा असो वा जाड कॅनव्हासचा, उन्हातील अतिनील किरण त्याचे धागे हळूहळू जाळतात. प्रथम रंग उडतो, मग घडीच्या जागी चिरा पडतात, शेवटी शिवण उसवते. मागची खिडकी पुष्कळदा मऊ प्लास्टिकची असते. ती पिवळी पडते, धुरकट होते आणि दुमडताना तडकते. ओला टप मिटून ठेवला, तर दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. छत्री जशी वाळवून मिटावी, तसाच टपही वाळवूनच मिटावा.

टपावरून ओघळणारे पाणी बाहेर जावे म्हणून रोडस्टर गाड्यांत बारीक नळ्या आणि छिद्रे ठेवलेली असतात. पालापाचोळ्याने ही छिद्रे बुजली, की पाणी सिलमध्ये साचते आणि गंज आतून सुरू होतो. माझ्दाच्या जुन्या रोडस्टर गाड्यांचे मागच्या चाकांजवळचे गंजणे हे पुष्कळ अंशी असेच घडते. ही छिद्रे मोकळी ठेवण्यास पैसा लागत नाही. एक लवचीक तार आणि मृगापूर्वीची एक सकाळ पुरते. ती सकाळ चुकली, तर दोन-तीन वर्षांनी वेल्डिंगचे हजारो रुपये मोजावे लागतात. जीप-जिप्सीचा टप आपल्याकडील मोटारींचे कापडकाम करणारे कारागीर शिवून देतात, हे भाग्यच म्हणावयाचे. परदेशी रोडस्टरचा टप मात्र मापाने तयार केलेला मागवावा लागतो. त्याची किंमत, वाहतूक आणि जकात मिळून तो खर्च कित्येक पटींनी वाढतो.

इंजिनाची तहान आणि पट्ट्याचे वय

इंजिनाविषयी लोक सर्वांत अधिक बोलतात. वास्तविक नीट जपलेले इंजिन सर्वांत कमी त्रास देते. त्याची प्रमुख दुखणी दोन. पहिले उष्णतेचे. रेडिएटरमध्ये योग्य शीतक न घालता वर्षानुवर्षे विहिरीचे वा नळाचे पाणी घातले, तर आत गंज व क्षार साचून नळ्या बुजतात. गाडी तापते, तरीही चालवीत राहिले, तर इंजिनाचे डोके वाकते आणि त्याखालील गॅस्केट फुटते. मग पाणी तेलात मिसळते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, कॉफीसारखा साका दिसला, तर ते ह्याचे लक्षण असू शकते. रबरी नळी बदलण्यास काही शेकडे लागतात. तीच फुटून इंजिन तापले, तर काम कित्येक हजारांवर जाते.

दुसरे दुखणे दातेरी पट्ट्याचे. पुष्कळ इंजिनांत झडपा आणि दट्टे यांचा ताल जुळविणारा रबरी पट्टा असतो. तो किलोमीटरांनी झिजतो, तसाच वर्षांनीही म्हातारा होतो. तो तुटला तर गाडी वाटेतच थांबते. काही इंजिनांत दट्टे झडपांवर आदळून इंजिनच निकामी होते. पट्टा केव्हा बदलला याची पावती विक्रेता दाखवू शकला नाही, तर तो बदललेला नाही असे समजून चालावे.

ब्रेक : येथे काटकसर नको

आता ज्या भागावर प्राण अवलंबून आहेत त्याकडे वळू. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कल यांचा नियम आपल्या पायाखालच्या ब्रेकमध्ये रोज काम करीत असतो. पायाचा दाब तेलातून चारही चाकांशी जातो. पण ह्या ब्रेक-तेलाचा एक स्वभाव आहे : ते हवेतील ओलावा शोषून घेते. आपल्या दमट हवेत तर अधिकच. ताजे डॉट ३ प्रतीचे तेल २०० अंश सेल्सिअसच्या वर उकळते. पाणी मुरलेले तेल सुमारे १४० अंशांनाच उकळू शकते. चोर्ला घाट उतरून साखळीकडे येताना सतत ब्रेक दाबून चाके तापली, की आतील पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून चालकाचा पाय तळापर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. हे तेल दोन वर्षांतून एकदा बदलावे. त्याची बाटली काही शेकड्यांत मिळते. इतक्या थोड्या पैशांत इतकी मोठी हमी दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीत मिळत नाही. लोखंडी ब्रेक-नळ्या गंजल्या आहेत काय, रबरी नळ्यांना चिरा आहेत काय, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

उघड्या गाडीत आणखी एक धोका असतो. गाडी उलटली, तर डोक्यावर पत्रा नसतो. म्हणून मजबूत नळीची कमान आणि चालू स्थितीतील आसनपट्टे ही शोभेची साधने नव्हेत. मागच्या बाकावर उभे राहून समुद्र पाहणारी मुले दिसतात, तेव्हा त्यांच्या आईबापांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

विजेच्या भागाचे दुखणे थोडक्यात सांगता येईल. ओलाव्याने तारांच्या जोडांवर हिरवट थर चढतो, दिवे मंदावतात आणि मेकॅनिक दिवसभर शोधूनही दोष सापडत नाही. पुष्कळदा दोष अर्थिंगच्या एका गंजलेल्या स्क्रूत असतो. पावसाळ्यात उबेसाठी शिरलेले उंदीर तारा कुरतडतात, तो प्रकार वेगळाच. येथे सुट्या भागांची किंमत थोडी आणि मजुरी अधिक असते.

हिशेब

आता एक अंकगणिताचे उदाहरण सोडवू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष रक्कम गाडीगणिक व गावागणिक बदलेल. समजा, एका गृहस्थाने जुनी उघडी जीप २,००,००० रुपयांस घेतली. पहिल्या वर्षी चार टायरांस २०,०००, नव्या टपास २०,०००, ब्रेकच्या कामास १२,०००, पट्टा व रेडिएटर यांस १०,०००, बॅटरीस ५,००० आणि गंजलेल्या पत्र्याच्या वेल्डिंग व रंगास ३५,००० रुपये लागले. त्यात नोंदणी-नूतनीकरणाचे ५,००० मिळविले, तर बेरीज १,०७,००० होते. म्हणजे खरेदीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम पहिल्याच वर्षी पुन्हा घालावी लागली. विमा, कर आणि इंधन ह्यांत धरलेले नाहीत. ज्याने साठविलेले सर्व दोन लाख खरेदीतच घातले, तो आता काय करील? तो टायर पुढच्या वर्षावर आणि ब्रेक त्याच्या पुढच्या वर्षावर ढकलील. जुन्या गाडीचे अपघात पुष्कळदा रस्त्यावर होण्यापूर्वी असे हिशेबाच्या वहीत ठरलेले असतात. तेव्हा दोन लाख हाती असतील, तर सव्वा लाखाची गाडी पाहावी आणि बाकीचे पैसे तिच्यासाठीच राखून ठेवावे.

कागदपत्रांचाही खर्च असतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते; पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. ह्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. खर्च भरून काढावा म्हणून काही तरुण खाजगी गाडी पर्यटकांना भाड्याने देतात. हे बेकायदेशीर आहे. भाड्याने स्वतः चालविण्यास द्यावयाच्या गाडीस परवाना लागतो आणि तिच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग नुकसानभरपाईचे ओझे घरादारावर येते.

माझ्या त्या माजी विद्यार्थ्याचा बेत असाच होता. त्याने ती जिप्सी घेतली नाही. वर्षभराने दुसरी घेतली. दिसायला ती पहिलीहून ओबडधोबड, पण चासी खणखणीत. घेताना त्याने पैसे राखून ठेवले होते आणि भाड्याचा विचार सोडून दिला होता.

मग जुनी उघडी मोटार घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. तिच्यातील बहुतेक यंत्रणा डोळ्यांना दिसणारी आणि हाताला लागणारी असते. संगणकाच्या तपासणीवाचून समजणारे यंत्र आता दुर्मिळ होत चालले आहे. ज्याला पाना धरण्याची लाज वाटत नाही, त्याला अशी गाडी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अंकगणित एकाच वेळी शिकविते. पेडणे व डिचोली येथे सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पुस्तकात रस कमी पण हातात कसब आहे अशा मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी त्या वाटेकडे कमीपणाने पाहू नये. हातोडीच्या आवाजावरून लोखंडाची नियत ओळखणारा तो मेकॅनिक कोणत्याही पदवीधराइतकाच विद्वान आहे, असे मी मानतो.

तात्पर्य, गाडी पाहावयास जाताना चुंबक न्यावा, जाणता माणूस न्यावा आणि घाई घरी ठेवावी. प्रथम चासी पाहावी, मग ब्रेक, मग इंजिन. रंग आणि टपाची ऐट सर्वांत शेवटी.